रायाजीचा मृत्यू आणि घाईने आलेला सयाजी: एका खेळगटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका टेबलटॉप रोलप्लेइंग गटाचे आहे. या खेळात टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका करतो आणि त्या पात्राला काय जमले हे फासे टाकून ठरते. या गटाचा डीएम मी आहे, म्हणजे कथेचे जग उभे करणे, राक्षस चालवणे आणि नियमांचा निवाडा देणे ही कामे माझ्याकडे असतात. खेळाडूंच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावे फक्त पात्रांची दिली आहेत.

गंगापूर रोडजवळच्या माझ्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे आम्ही सहा जण एक रविवार सोडून दुपारी ३ ते ७ या वेळात बसतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताई क्लेरिक (उपचार करू शकणारी पुजारीण) खेळतात, औषधांचे दुकान चालवणारा मित्र विझार्ड (जादूगार), बँकेत नोकरी करणारी मैत्रीण वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारे पात्र) आणि अंबडच्या एका कारखान्यातील अभियंता रेंजर (रानवाटांचा जाणकार योद्धा). पाचवा खेळाडू सगळ्यांत लहान, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. तो सिडकोतून येतो, आल्यावर चपला नीट लावून ठेवतो आणि एरवी विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याचे पात्र म्हणजे रायाजी नावाडी, चौथ्या लेव्हलचा फायटर, म्हणजे शस्त्रे चालवणारा योद्धा. लेव्हल ही पात्राच्या ताकदीची पायरी असते. रायाजी मात्र कोणाचे ऐकून घेत नसे; घाटावरच्या जकातदाराशी तो तासभर हुज्जत घालू शकत असे. आमच्या कथेतील निम्मे संवाद त्याचे होते, आणि ते एका अबोल मुलाच्या तोंडून येत होते, ही गोष्ट पुढचे सगळे समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो. कथेचे जग मात्र आमचे स्वतःचे आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले हे पाहायला गोदाघाटावर गर्दी जमते. ते दृश्य लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे मी तीरगाव नावाचे एक नदीकाठचे शहर कल्पिले. तिथे पुराची पातळी नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या एका मूर्तीवरून मोजतात आणि ती लिहून ठेवणारे पूरमापक हे मानाचे पद असते. या शहरात आम्ही पावणेदोन वर्षे खेळत होतो आणि त्या काळात एकही पात्र मेले नव्हते.

तो प्रसंग

एका जुन्या वाड्याच्या पाणी भरलेल्या तळघरात गटाची गाठ प्रेते खाणाऱ्या घूलांशी पडली. लढाई आवाक्याबाहेर जाते आहे हे दिसल्यावर माघार घ्यायचे ठरले, आणि बाकीच्यांना जिना चढायला वेळ मिळावा म्हणून रायाजी लोखंडी दारात उभा राहिला. हा निर्णय त्या मुलाने स्वतः, विचार करून, मोठ्याने सांगितला होता. दोन फेऱ्यांनी रायाजीचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची ताकद मोजणारे गुण, शून्यावर आले.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा शून्य हिट पॉइंट म्हणजे मृत्यू, असा सरळ हिशेब होता. आजच्या नियमांत पडलेले पात्र आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकते. १० किंवा अधिक आल्यास यश, कमी आल्यास अपयश. तीन यशांनी जीव स्थिरावतो, तीन अपयशांनी जातो. त्यामुळे मृत्यू एका फटक्यात न येता टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येतो, आणि त्या दोन-तीन पाळ्यांत प्रत्येकाने काहीतरी केलेले असते किंवा करायचे राहिलेले असते. नंतरची रुखरुख बहुधा तिथूनच सुरू होते. ताईंच्या क्लेरिकचे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्या लेव्हलचे तीन असे सातही स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे जादूचे मंत्र टाकण्याच्या दिवसभराच्या संधी) त्या दिवशी संपले होते. औषधाची शेवटची बाटली रेंजरच्या पिशवीत, जिन्याच्या वरच्या टोकाला होती.

मुलाने फासा टाकला, ७ आले. एक अपयश. मग घूलची पाळी आली, आणि या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू इथे आहे. घूल जिन्याकडे धावू शकत होता किंवा पडलेल्या रायाजीला चावू शकत होता. भुकेला घूल समोरचे शरीर सोडून जाणार नाही, असे मला वाटले आणि आजही वाटते. बेशुद्ध पात्रावरील हल्ल्यासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात. मी पडद्याआड फासे टाकले. ९ आणि १७ आले. १७ मध्ये घूलचे २ मिळवून १९ होतात आणि रायाजीचे चिलखत ढालीसह १८ चे होते, म्हणजे १८ किंवा अधिक आल्यास घाव बसणार होता. बेशुद्ध पात्राला अगदी जवळून बसलेला घाव आपोआप क्रिटिकल, म्हणजे जास्त जबर, ठरतो आणि त्याची दोन अपयशे मोजली जातात. एक आणि दोन, तीन झाली.

तो १७ मी एकट्याने पाहिला होता. खोटे बोललो असतो तर कोणाला कळले नसते. मी दहा-बारा सेकंद गप्प बसलो आणि मग खरे ते सांगितले. दारात उभे राहण्याचा त्या मुलाचा निर्णय धोका खरा असेल तरच खरा ठरत होता, त्यामुळे खरे सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. फासे पडद्याआड टाकल्याचा मात्र आहे. माझ्या त्या शांततेमुळे सगळ्यांना असे वाटले की मृत्यू फाशाने दिला नाही, दादाने, म्हणजे मी, विचार करून दिला.

समस्या: तो संध्याकाळचा अर्धा तास

तेव्हा पावणेसहा वाजले होते. खोलीत कोणी बोलत नव्हते आणि मला ती शांतता सोसेना. मुलगा सव्वा तास नुसता बसून राहील या काळजीने मी म्हणालो, "अर्ध्या तासात नवीन कॅरेक्टर बनव, मी तुला आजच आत घेतो." त्याने मान हलवली. रायाजीची शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) समोर ठेवून, बहुतेक आकडे तसेच उतरवून त्याने रायाजीचा जुळा भाऊ सयाजी तयार केला. साडेसहाला सयाजी वाड्याच्या दारात हजर झाला, सगळे हसले, मला हायसे वाटले. त्या हसण्याला मी सगळे ठीक झाल्याची खूण समजलो.

त्यात मी आणखी एक चूक केली. मृत्यूला काहीतरी किंमत असावी या जुन्या समजुतीने सयाजीला तिसऱ्या लेव्हलवर आणले. पुढच्याच सेशनमध्ये कथेच्या टप्प्याप्रमाणे बाकीचे चौघे पाचव्या लेव्हलला गेले. पाचव्या लेव्हलचा फायटर एका पाळीत दोन वार करतो. सयाजीला एकच करता येत होता. रायाजी जगला असता तर त्याचे हिट पॉइंट ४४ झाले असते, सयाजीचे २८ होते. म्हणजे ज्याने इतरांसाठी जीव दिला त्याच खेळाडूला मी सहा आठवडे सगळ्यांच्या मागे चालायला लावले. हे लिहिताना आजही मला वाईट वाटते.

त्याच सेशनच्या सुरुवातीला गटाने तळघरात उतरून रायाजीचे शव वर आणले होते. मी ते एका वाक्यात उरकले. ताईंनी मात्र खेळ थांबवून सांगितले, "मी जेंटल रिपोज टाकते." या स्पेलने शव दहा दिवस टिकते आणि तेवढे दिवस पुनरुज्जीवनाच्या मुदतीत धरले जात नाहीत. त्यासाठी चिमूटभर मीठ आणि शवाच्या डोळ्यांवर एकेक तांब्याचे नाणे लागते. ताईंनी पर्समधून एक रुपयाची दोन नाणी काढली आणि रायाजीच्या शीटवर, नावाच्या दोन्ही बाजूंना ठेवली. मी "ठीक आहे" म्हणालो आणि पुढच्या प्रसंगाकडे वळलो. ती नाणी सेशन संपेपर्यंत तिथेच होती. आवरताना ताईंनी शीट आणि नाणी एका पाकिटात घालून माझ्याकडे दिली. एवढे होऊनही मला काही उमगले नाही.

पुढील तीन सेशनमध्ये बाकीचे खेळाडू सयाजीला सवयीने रायाजी म्हणत राहिले. रायाजीचा जादूचा भाला न विचारताच त्याच्याकडे गेला, रायाजीचे घाटावरचे कर्जही त्याच्याच अंगावर आले. मुलगा हळूहळू बोलायचा थांबला. तिसऱ्या सेशनमध्ये त्याने चार तासांत, "मी वार करतो," याखेरीज फारसे काही म्हटल्याचे मला आठवत नाही. मग ग्रुपवर त्याचा निरोप आला की सबमिशन आहेत, पुढचे काही रविवार जमणार नाही. त्याच रात्री ताईंचा फोन आला. त्यांचा सूर रागाचा होता. "माझ्या क्लेरिकचा सोबती गेला आणि तिला रडायला तू पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीस," असे त्या म्हणाल्या.

पर्यायांचा विचार

मुलाशी बोलण्यापूर्वी मी स्वतःशी काही पर्याय मांडले.

रायाजीला परत आणणे हा सर्वांत मोहाचा मार्ग होता. गटाचा क्लेरिक आता पाचव्या लेव्हलचा होता, पण त्या लेव्हलला मिळणारा रिव्हिव्हिफाय स्पेल मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत, ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्चून टाकावा लागतो. ती वेळ केव्हाच गेली होती. रेझ डेड स्पेल दहा दिवसांपर्यंत चालतो. त्याला ५०० नाण्यांचा हिरा आणि नवव्या लेव्हलचा क्लेरिक लागतो. नदीच्या वरच्या अंगाला, नावेने आठ दिवसांवर, असा पुजारी असलेले एक देऊळ मी पूर्वीच नकाशावर दाखवले होते. खेळातले सहाच दिवस उलटले होते आणि ताईंच्या नाण्यांनी मुदत थांबवून धरली होती. नियमांच्या दृष्टीने हे पूर्ण शक्य होते आणि चांगली सफरही झाली असती.

दुसरा पर्याय सयाजीला इतरांच्या बरोबरीला आणून पुढे जाण्याचा होता. हा सोपा होता, पण दुखणे आकड्यांचे नव्हते हे एव्हाना मला कळू लागले होते. तो सेशन झालाच नाही असे ठरवणे हा तिसरा. तो मी लगेच सोडला, कारण मग जिना चढून वाचलेल्या चौघांचे वाचणेही खोटे झाले असते. चौथा पर्याय अगदी वेगळे पात्र घेण्याचा, आणि त्यातही कोऱ्या कागदावरून सुरुवात करण्याऐवजी कथेत आधीपासून असलेल्या एखाद्या माणसाला खेळाडूच्या हाती देण्याचा. असे पात्र इतर पात्रांच्या ओळखीचे असते, त्यामुळे "तू कोण, आम्ही तुझ्यावर विश्वास का ठेवायचा" हा अवघड प्रवेश टळतो.

एक गोष्ट नियमपुस्तकातच लिहिलेली असून माझ्या नजरेतून सुटली होती. रेझ डेडसाठी मृताच्या आत्म्याची परत येण्याची इच्छा असावी लागते. ती इच्छा कोणाला विचारायची याचे उत्तर उघड होते.

काय केले

परीक्षेनंतर मी त्या मुलाला अशोकस्तंभाजवळ चहाला बोलावले. रायाजीला परत आणायचे का, असे सरळ विचारले. तो बराच वेळ कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "नको दादा. तो दारात उभा राहिला ते मला आवडलं होतं. त्याचं वाईट नाही वाटलं. पण तो मेला हे कोणी म्हटलंच नाही. लगेच सयाजी आला आणि सगळे मलाच रायाजी म्हणायला लागले." जुळा भाऊ त्याला मनापासून सुचला नव्हता, मी अर्धा तास दिला होता आणि तेवढ्यात दुसरे काही जमण्यासारखे नव्हते.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या: रायाजीला निरोप द्यायचा, सयाजी मानाने कथेतून जाईल, आणि नवीन पात्र तो स्वतः, हवा तेवढा वेळ घेऊन निवडेल. मधल्या काळात त्याने रिकामे बसू नये म्हणून एका सेशनमध्ये मी त्याला शत्रूंची बाजू चालवायला दिली. त्याने नदीतील चाच्यांची टोळी अशी खेळवली की अभियंत्याला दोनदा पळ काढावा लागला. कित्येक आठवड्यांनी तो मुलगा मोठ्याने हसला.

निरोपाच्या प्रसंगात दुसरा निर्णयबिंदू आला. औषधांच्या दुकानवाल्या मित्राने सुचवले की रामकुंडावर होते तशी दशक्रियाच दाखवू या; पिंड, कावळा, सगळे. कल्पना दमदार होती आणि नाशिककराला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही. मी होकार देणार होतो. त्या रात्री बँकेतील मैत्रिणीने मला एकट्याला निरोप पाठवला. तिचे वडील आठ महिन्यांपूर्वी गेले होते आणि अस्थिविसर्जन रामकुंडातच झाले होते. तिने लिहिले होते, "बाकी काहीही चालेल, कावळा नको." तिला ग्रुपवर उघड बोलायचे नव्हते. मी कारण न सांगता सर्वांना कळवले की तीरगावची स्वतःची रीत तयार करू, ओळखीचे विधी त्यात नकोत. ज्या शहरात मरणानंतरचे विधी रोज नदीकाठी डोळ्यांसमोर होतात, तिथे खेळातील अंत्यविधी कोणाच्या ताज्या जखमेवर बोट ठेवील, हे मला आधी सुचायला हवे होते.

रीत अशी ठरली की नदीने नेलेल्या माणसाचे नाव पूरमापक पुराच्या खुणांच्या दगडावर कोरतो, आणि त्या रात्री घाटावरची एकही नाव बांधून ठेवत नाहीत. तो प्रसंग चाळीस मिनिटे चालला. एकदाही फासा टाकला नाही. प्रत्येक पात्राने रायाजीबद्दल एक गोष्ट सांगितली. अभियंत्याच्या रेंजरने कबूल केले की औषधाची बाटली त्याच्या पिशवीत होती आणि ती त्याला आठवली नाही. हे पात्राचे बोलणे होते की माणसाचे, हे मी विचारले नाही. शेवटी मी पाकिटातून रायाजीची शीट काढून टेबलावर ठेवली. ताईंनी त्यावर ती दोन नाणी पुन्हा ठेवली, क्षणभर थांबल्या आणि एकेक करून उचलली. मुलाने शीटवर पेन्सिलने तारीख घातली. सयाजी भावाचा भाला घेऊन गावी परतला.

नवीन पात्र म्हणून मुलाने चिमा निवडली. चिमा म्हणजे दगडावर नाव कोरणारी तरुण पूरमापक. ती कथेत वर्षभर होती, रायाजी तिच्याशी जकातीवरून भांडत असे आणि तिच्या वहीत त्याची थकबाकी लिहिलेली होती. चिमा ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारी, झाली, इतरांच्या बरोबरीने पाचव्या लेव्हलची. रायाजीच्या वस्तूंपैकी तिच्याकडे काहीही आले नाही. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा वही उघडून बोलते, आणि तिने वही उघडली की सगळे थांबतात.

परिणाम

मुलगा पुन्हा नियमित येऊ लागला आणि चिमाला कोणी एकदाही रायाजी म्हटले नाही. ड्रुइडकडे हीलिंग वर्ड हा उपचाराचा स्पेल असल्यामुळे ६० फुटांवरून उपचार करणारे आता दोघे आहेत, हा अनपेक्षित लाभ झाला.

काही गोष्टी मात्र बिघडल्या. आघाडीवर उभा राहणारा फायटर गेल्यामुळे ताईंच्या क्लेरिकला पुढे यावे लागले, दोन लढाया गरजेपेक्षा जड झाल्या, आणि अभियंत्याची तक्रार रास्त होती की मी गट बदलला पण राक्षस बदलले नाहीत. रायाजीच्या कर्जाची कथा, जी मी सहा महिने विणत होतो, ती चिमाच्या वहीतील एका ओळीपुरती उरली. सयाजीशी अभियंत्याचे चांगले जमले होते; तो गेल्याचे त्याला थोडे लागले, आणि त्याच्या निरोपाकडे आम्ही कोणी फारसे लक्ष दिले नाही.

सुमारे पाच महिन्यांनी विझार्ड मेला. मी सेशन थांबवून पुढच्या वेळी भेटू असे म्हणालो, तेव्हा औषधांच्या दुकानवाल्या मित्राने हात वर करून सांगितले की त्याला शोकप्रसंग नको आहे, नवीन पात्र तयार आहे आणि आजच यायचे आहे. त्याच्या विझार्डचा शेवट त्याला स्वतःला मजेदार वाटला होता. पंधरा मिनिटांत त्याचा नवा बार्ड (गाण्यातून जादू करणारे पात्र) आत आला आणि ते त्याच्यासाठी अगदी योग्य होते.

पुन्हा वेळ आली तर

पडलेल्या पात्रावरचा वार मी आता सर्वांसमोर उघड्यावर टाकतो, आणि फासा उचलण्यापूर्वी तो काय ठरवणार हे सांगतो: घूल चावायला वाकला आहे, लागला तर रायाजी जाईल. तेवढ्या एका वाक्याने कोणालातरी बाटली आठवली असती.

पात्र मेले की त्या दिवशी खेळ पुढे न्यायचा की थांबवायचा, हे मी त्या खेळाडूला विचारतो. नवीन पात्र गटाच्याच लेव्हलवर येते. किंमत वसूल करायची असेल तर ती कथेतून होते, खेळाडूच्या आकड्यांतून नाही.

कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेच्या, सुरुवातीला मृत्यूविषयी विचारायला हवे होते, आणि कोणता खेळ खेळतो आहोत त्याप्रमाणे उत्तर बदलते. १९८१ पासून खेळल्या जाणाऱ्या कॉल ऑफ थुलू या भयकथांच्या खेळात शोधकर्ते मरणे किंवा वेडे होणे अपेक्षितच असते आणि तिथे राखीव पात्र हाताशी असणे स्वाभाविक वाटते. पावणेदोन वर्षे एकही मृत्यू न पाहिलेल्या आमच्या टेबलाची तशी तयारी नव्हती. आता मी प्रत्येकाला एक पाकीट दिले आहे. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ते बंद करून माझ्याकडे द्यायचे असते: पात्र मेले तर त्याला परत आणलेले चालेल का, निरोप हवा का, आणि खेळात काय अजिबात नको. माझ्या पुस्तकांच्या कपाटात चार पाकिटे आली आहेत. पाचवे बँकेतील मैत्रिणीचे आहे. ते तिने अजून दिलेले नाही आणि मी मागितलेले नाही.